चोरलेली तीन वर्षं

दवाखान्याच्या खिडकीच्या गजाला चिमट्याने अडकवलेली ती काळी फिल्म वाऱ्याने हलली, की तिच्यातली दोन हाडंही हलत. एक सुपारीसारखं गोल, दुसरं दाताखाली चेपल्यासारखं... हे माझ्या प्रेमिलाच्या खुब्यातलं? धुरपताने पुन्हा पाहिलं. कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलं होतं — प्रेमिला, वय सहा, सन १९३८. नागपूरहून हा हाडांचा फोटो आला, तेव्हा नवऱ्याने, केवळरामने, मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतं.

सहा म्हणे. वय चोरायला सुरुवात सासूने केली होती — पोर थोराड दिसते, लग्नाच्या बाजारात जून ठरेल — आणि सगळं घर तीच री ओढत राहिलं, सोयरीक जुळवायला आलेल्या अर्जुनीच्या पाहुण्यांनाही सहाच सांगितलं गेलं, आणि धुरपता, जिने सौंदडच्या माहेरी तलाव फुटला त्या साली कळा सोसल्या होत्या, तीही मूग गिळून बसली. लाज वाटली तिला स्वतःची. प्रेमिला बाकावर बसून दुखरा पाय दोन्ही हातांनी सांभाळत होती.

गोंदियाचे डॉक्टर फिल्मवरून बोट फिरवत म्हणाले, "उमर ठीक बताना. बच्ची छोटी है तो हड्डी फिर गोल हो जाएगी. आठ के ऊपर है तो दो साल खटिया पर, पैर को वजन बाँधके. फिर भी लंगड़ापन रह सकता है."

"सहाच वर्साची आहे जी," केवळराम म्हणाला.

सहा म्हटलं की पोर आज घरी जाईल, सोयरीक टिकेल... आणि ते चेपलेलं हाड? ते कुणाचं ऐकणार होतं? सासूचं? पाहुण्यांचं? आयुष्यभर फरफटत चालायचं ते माझ्या लेकीने, आणि अब्रू राखायची ती यांची — खड्ड्यात गेली असली अब्रू.

"नाही जी. नऊ पुरी झाली."

"काऊन बोलून राहिली तू?" केवळराम दबक्या आवाजात म्हणाला.

"खरं बोलून राहिली. लिहा जी, नऊ."

फिल्म उतरवून डॉक्टरांनी उजेडात धरली आणि पुन्हा पाहू लागले. नवऱ्याची नजर गालाला भाजत होती, तरी तिने मान वळवली नाही. मघापासून ती देवाकडे चांगलं उत्तर मागत होती. आता मागावंसं वाटेना. बोल काय बोलायचं ते, ती मनात फिल्मला म्हणाली — आता जे सांगशील, ते माझ्या खऱ्या पोरीबद्दल सांगशील.