मितवल्लीचं नाक आणि गॅसचा हौद

इजिप्तमधल्या फयूमकडच्या दहा गावांत मितवल्लीच्या नाकाला तोड नव्हती. खारवून आंबवलेल्या फसीख मासळीचं पिंप उघडायचं, एकदा वास घ्यायचा आणि सांगायचं, खा किंवा फेका. चाळीस वर्षांत त्याची मासळी कुणाला बाधली नव्हती, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे.

म्हणूनच जावयाचा गोबरगॅसचा हौद साफ करायचा ठरला, तेव्हा वास बघायला त्यालाच बोलावलं. घरोघरी फसीख खायचा वसंताचा सण उद्यावर आलेला, घरी तीस माणसं जेवायला, आणि शेगडी आठवडाभर नुसती मिणमिणत होती. तळाचा गाळ खरवडायला जावई तव्वाब आत उतरणार होता.

"हौद बांधणाऱ्यानं झाकण तीन दिवस उघडं ठेवायला सांगितलंय," मितवल्लीची लेक सबाह म्हणाली. "आज कुठं एक झालाय. निदान टोपलीतून कोंबडी सोडून बघू, जगते का."

"कोंबडी!" म्हातारा उखडला. "बापापेक्षा कोंबडी शहाणी झाली का गं? तुझ्या हौदात शेण खाणारे जंतू, माझ्या पिंपात मासळी मुरवणारे. सगळी एकच जात. तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो मी त्यांना."

मदतीला जमलेले शेजारी हसले.

मितवल्लीने पालथं पडून हौदाच्या तोंडात डोकं घातलं. सडक्या अंड्यांचा भपकारा आला. तो हट्टाने श्वास घेत राहिला. चौथ्या श्वासाला वास कमी झाला, दहाव्याला उरलाच नाही.

"गेला वास. उतर."

तव्वाबने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक शेजाऱ्यांच्या हातात दिलं. "मामा, चुकलात तर उद्याची मासळी फुकट हं!"

"एरवी तू पैसे देतोस वाटतं, मेल्या?"

तव्वाब हसत सावकाश शिडी उतरू लागला. मितवल्ली उठून बसला, डोकं जरा गरगरत होतं. सबाहने पुदिन्याचा चहा दिला. चहाला वास नव्हता. त्याने बाही नाकाला लावली. मासळीत मुरलेल्या त्या बाहीलाही वास नव्हता.

हौदातला वास गेला नव्हता. नाक गेलं होतं.

तव्वाबचं डोकं अजून वर दिसत होतं. एक हाक पुरली असती. पण चार शेजारी समोर उभे, आणि उद्या सगळा मुलूख याच नाकाच्या भरवशावर मासळी खाणार. सर्दी असेल, त्याने मनाशी म्हटलं, आणि खाकरून घसा साफ केला.

तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला आणि दोराला हिसका बसला.

शेजाऱ्यांत उभा असलेला तव्वाबचा भाऊ शिडीकडे धावला. मितवल्लीने त्याचे पाय घट्ट धरले. "उतरू नकोस! आत गॅस आहे! वरूनच ओढा!"

चौघांनी दोर ओढला. तव्वाबला वर काढलं तेव्हा मान लुळी पडली होती, ओठ काळेनिळे. सबाहने त्याला हलवलं, हाका मारल्या, छाती दाबली. श्वास परत आला नाही.

बऱ्याच वेळाने तिने बापाकडे पाहिलं.

"आत गॅस आहे म्हणालात," ती म्हणाली. "हे कधी कळलं तुम्हाला, बाबा?"