लाल टिंबांची कार्डे

मी एक जुने कार्डांचे कपाट आहे, मित्रांनो. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी चाळीस वर्षे उभे आहे. पोटात अकरा हजार कार्डे आहेत.

ती सगळी इथल्या जुन्या प्रमुखांनी, म्हणजे काकांनी, लिहिली. प्रत्येक झाडाच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे बारीक धागे असतात आणि त्यांची संख्या ठरलेली असते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काका ते मोजत. मुळाच्या टोकात पूर्ण संख्या दिसते, परागाच्या पेशींत निम्मी. मुळातून मोजले असेल तर काका कार्डाच्या कोपऱ्यात लाल टिंब देत. टिंब असेल तर आकडा तसाच घ्यायचा, नसेल तर दुप्पट करायचा. हे त्यांनी कुठे लिहून ठेवले नाही, पुतणीला मात्र शेजारी बसवून शिकवले. "काका, टिंब राहिलं," असे तीच त्यांना टोकायची. मला तिचे फार कौतुक होते.

काका वारले. पुतणी प्रमुख झाली आणि तिने माझी कार्डे संगणकावर चढवायला घेतली, म्हणजे ती कोणालाही घरबसल्या बघता येतील. मी हरखून गेले. सुरुवातीला ती एकेक कार्ड नीट निरखायची. मग वरून तगादा लागला, नोंदी वाढवा. तिने उरलेले आकडे भराभर उतरवले आणि सरसकट दुप्पट केले. घाईत चूक होते. तेवढी मी पोटात घातली असती.

पण एक दिवस चाऱ्याचे बियाणे तयार करणारे एक गृहस्थ आले.

"मॅडम, तुमच्या यादीत या गवताची गुणसूत्रे अठ्ठावीस आहेत. त्यावर विसंबून अठ्ठावीसच्याच दुसऱ्या गवताशी संकर केला. तीन हंगाम गेले, बी धरत नाही. मी मोजली तर चौदाच भरली."

तिने माझा कप्पा ओढला, कार्ड काढले. चौदा, आणि कोपऱ्यात लाल टिंब. तिने त्या टिंबावरून अंगठा फिरवला. मग तिने कार्ड आत सरकवले.

"मूळ कार्डच चुकलंय. काकांची नजर अधू झाली होती हो."

ते कार्ड लिहिताना काकांना चष्मासुद्धा नव्हता. माझ्यासमोर वाढलेल्या मुलीने आमचा केसाने गळा कापला.

"मग बाकीची कार्डं?" त्यांनी विचारले.

"त्यांचाही भरवसा नाही. काढूनच टाकतोय आता."

त्या गवताचा आकडा तिने गुपचूप बदलला. तसल्याच चार हजार चुका अजून पडद्यावर आहेत. सोमवारी कार्डे रद्दीत जातील, आणि कोणता आकडा दुप्पट करायचा नव्हता हे कुणालाच कळणार नाही. प्रत्येक चुकीच्या आकड्याखाली आधार म्हणून काकांचे नाव मात्र राहील.

मित्रांनो, ती यादी वापराल तेव्हा एवढे करा. त्या झाडाचे मूळ आणा आणि स्वतः मोजा. आकडा निम्मा भरला, तर तिच्याकडे जा. काका चुकले नव्हते, हे तिला कुणीतरी तोंडावर सांगायला हवे.