लगदा

"मामा, यातली दोघं मेलीत." मॅडमनी सतरा नंबरचा पिंजरा माझ्या नाकासमोर धरला. "तीन दिवस ओलं खाणं दिलंय ना तुम्ही?"

पिंजऱ्याच्या कार्डावर तीन खुणा होत्या. तिन्ही माझ्या हातच्या आणि तिन्ही खोट्या.

बावीस वर्षं मी या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुतोय. मुताचा वास, कुजका भुसा, आईनेच अर्धं खाल्लेलं पिल्लू, कशाचंही मला काही वाटत नाही. पण खाद्याच्या गोळ्या पाण्यात कालवून केलेला लगदा दिसला की माझं तोंड वाकडं होतं. बायकोच्या घशात गाठ आली तेव्हा पाच महिने मी तिला असलाच लगदा भरवत होतो. निम्मा बाहेर यायचा. तो हनुवटीवरून निपटून मी पुन्हा तिच्या तोंडात घालायचो. माझ्या चेहऱ्यावरची किळस तिला दिसायची. शेवटी शेवटी ती डोळे मिटूनच खायची.

त्यामुळे कॅन्सरच्या गाठीत सापडलेलं एक जनुक या उंदरांमधून काढून टाकलंय, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटले लेकाचे! घाण मुळातूनच गेली. मग असल्या ठणठणीत पोरांना आजाऱ्याचं खाणं कशाला? आईपासून वेगळी केल्यावर मी त्यांना सरळ कडक गोळ्या घातल्या आणि कार्डावर खूण करून मोकळा झालो.

"नाही दिलं," मी म्हणालो.

मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी मेलेलं एक पिल्लू उचललं आणि चिमट्याने त्याचा ओठ वर केला. आत नुसती गुलाबी हिरडी होती.

"दात वर यायला वाटेतलं हाड आधी झिजावं लागतं, मामा. ते झिजवणाऱ्या पेशींचं या जनुकावाचून अडतं. यांचे दात आतच अडकलेत."

"पण ते गाठीचं जनुक ना?"

"पहिल्यांदा गाठीत सापडलं, एवढंच. तिथे ते बिघडलेलं होतं. धड असलेलं तुमच्यात आहे, माझ्यात आहे. सगळ्यांनाच लागतं ते."

म्हणजे आमच्या हिच्यातही होतं. आजारी पडण्याआधी ही बर्फाचे खडे कडाकड चावायची आणि शिरशिरी माझ्या दातांना यायची.

"उरलेल्या दोघांनी आज खाल्लं तर वाचतील," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

मी जाळीतल्या गोळ्या काढल्या. खालच्या दोन-तीन गोळ्या चाटून चाटून गुळगुळीत झाल्या होत्या. दाताचा ओरखडा एकीवरही नव्हता. आयुष्यात इतकी घाण उपसली, पण स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

कार्डावरच्या तिन्ही खुणा खोडल्या. वाटीत गोळ्या भिजवल्या आणि बोटांनी कालवल्या. तोच वास आला. मी एका पिल्लाला तळहातावर घेऊन बोटाचं टोक त्याच्या तोंडाला लावलं. बराच वेळ ते हललंच नाही. मग चाटायला लागलं. थोडं हनुवटीवर ओघळलं, ते निपटून मी पुन्हा त्याच्या तोंडात घातलं.

त्याचे डोळे उघडे होते. मी तोंड वाकडं केलं नाही.