टबातलं पाणी

शी! ते पाणी आजबी डोळ्यांपुढनं हलत न्हाई.

सासूला आमी आत्या म्हणतो. आत्यांना आता काईच आठवत न्हाई. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अल्झायमर हाय, मायेनं सांभाळा. पण आमच्या मालकांना तेवढ्यानं चैन कुठलं? मोबाइलवर वाचलं, मेंदूत धातू साठतात म्हणून असं होतं. झालं, आत्यांना गाडीत घालून आमी रिहे गावच्या एका फार्महाऊसवर.

तितं सौरभ सर म्हणून एकजण होता. पांढरा कोट अन् निम्मं इंग्रजी. त्यानं प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी अन् मीठ घातलं, वायरीचं एक यंत्र सोडलं, आत्यांचे पाय बुडवले अन् बटन दाबलं. बघता बघता पाणी तपकिरी झालं, वर चिकट फेस आला. गटार परवडलं!

"आईंच्या मेंदूतलं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम. सगळं पायांवाटे बाहेर येतंय," सर म्हणाला. मालकांनी हात जोडले. वर फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला!

आत्या पाण्याकडं बघतच राहिल्या. "एवढी घाण माझी हाय व्हय गं?" त्यांनी मला हळूच विचारलं, अन् चारचौघांत लुगड्यानं पाय झाकायला लागल्या.

माझं टाळकंच सरकलं. टब मोरीत उपडा केला, नवं पाणी, नवं मीठ घेतलं, अन् कुणाचाबी पाय न घालता बटन दाबलं. सर "मॅडम, मॅडम" करत राहिला. पाणी तसंच तपकिरी झालं. यंत्राच्याच पट्ट्या गंजत होत्या.

"आता हे कुणाच्या मेंदूतलं ओ?" मी विचारलं. मेला घाईनं वायरी गुंडाळायला लागला. मालकांनी मान खाली घातली.

"बघा आत्या, घाण तुमची न्हाईच," मी म्हणलं. त्यांनी मान हलवली. पण गाडीत बसेस्तोवर माझं बोलणं विसरल्या.

अन् टबातलं पाणी तेवढं लक्षात राहिलं. आता उठलं की मोरीत बसतात अन् वजरीनं पाय घासतात. कातडं सोलून रक्त येतं, तरी थांबत न्हाईत. काल मालक रडत वजरी काढून घ्यायला गेले. आत्यांनी पाय पोटाशी घेतले.

"शिवू नका दादा," पोटच्या पोराला म्हणाल्या, "माझ्यात लई घाण हाय."