गच्चीवरचं विमान

चन्नण मिस्त्रीने तिसऱ्यांदा ओळंबा सोडला. दोरी स्थिरावली. सिमेंटच्या विमानाची शेपटी केसभरही कललेली नव्हती.

"वाकडीच आहे," दलबीर कौर म्हणाली.

"भाभी, ओळंबा खोटं बोलत नाही."

"माझे डोळेही नाही बोलत. पुन्हा करा."

लस्सीचा पेला कठड्यावर ठेवून ती जिन्याकडे वळली. मिस्त्रीने रागाने पेल्याला हातही लावला नाही.

तीस वर्षं तो पंजाबातल्या या गावांमध्ये गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बांधत होता. टाकी म्हणजे चौकोनी डबा, असं मानणाऱ्यांची त्याला कीव यायची. त्याने फुटबॉल बांधले, ट्रॅक्टर बांधला, एका हलवायाच्या घरावर प्रेशर कुकरही चढवला. सगळ्यांत लाडका शेजारच्या गावातला गरुड. वाट वाकडी करून तो अजून त्याला बघून यायचा. पण या विमानाच्या टाकीचा डावा पंख, खाली टेकू नसताना आठ फूट बाहेर झेपावलेला, गरुडालाही मागे टाकणारा होता. आणि ही बाई रोज खोड काढत होती. सोमवारी नाक पोपटासारखं, मंगळवारी खिडक्या बारीक, आज शेपटी.

दलबीरचा नवरा अजायब सिंग धापा टाकत वर आला.

"झालं ना, चन्नण? उद्या पाणी भरू. गावाला लाडू वाटू."

"निंदरचा फोन आला?"

"येईल. एजंट म्हणतो, जंगलात रेंज नसते."

घरातलं कुणी परदेशी सुखरूप पोचलं, की मगच विमान चढवायचं, अशी इथली रीत. पण अजायब सिंगला दम कुठला? पोरगा चोरवाटेने अमेरिकेला निघाला, त्याच आठवड्यात याने सळया आणून टाकल्या.

"किती दिवस झाले फोनला?"

अजायब सिंग पंखावर हात फिरवत राहिला.

"एकोणीस," जिन्यातून दलबीर म्हणाली.

तेवढ्यात तिच्या ओढणीच्या गाठीतला फोन वाजला. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी ओढली.

"नाही गं," ती बहिणीला म्हणाली. "अजून नाही."

फोन ठेवून तिने विमानाकडे पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. ती रोज खोड का काढत होती, ते मिस्त्रीला आता कळलं. आठवडाभर आपण नाक-शेपटी मोजत बसलो, याची त्याला लाज वाटली.

"मग उद्या भरायचं ना पाणी?" अजायब सिंगने विचारलं.

मिस्त्रीने घण उचलला. डाव्या पंखाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला पंखाचं टोक गच्चीवर कोसळलं.

"अरे, डोकं फिरलं काय तुझं?"

"सिमेंट कच्चं निघालं, सरदारजी. चूक माझीच. पुन्हा बांधावा लागेल."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. घाईचं काम नव्हे हे."

दलबीर पुढे आली. तिने कठड्यावरचा भरलेला पेला उचलला.

"गरम झाली ही," ती म्हणाली. "दुसरी आणते."