राजा आधी मेला यात माझा दोष नाही

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी रिमोट नाही. मी दाढी करायचं यंत्र नाही. मी फोनही नाही, त्यामुळे मला कानाला लावून "हॅलो, आम्ही पोचलो बरं का" असं सांगणाऱ्यांचा निरोप त्यांच्या घरी कधीच पोचलेला नाही. मी एक जुना ऑडिओ गाईड आहे. एका भल्यामोठ्या राजवाड्यात नोकरीला आहे. लोक मला गळ्यात अडकवतात, दालनाच्या दारावरचा आकडा माझ्या पोटावर दाबतात आणि मी त्या दालनाची माहिती सांगतो. काम एवढंच. पण एवढ्याशा कामात माणसांनी माझे जे हाल केले, ते ऐकलेत तर तुम्हालाही चीड येईल. यायलाच हवी.

माझं शरीर कारखान्यात तयार झालं आणि आवाज कपड्यांच्या कपाटात. आवाज घुमू नये म्हणून एक भारदस्त गृहस्थ दोन ओव्हरकोटांच्या मधे बसून राजाचं चरित्र वाचत होते. त्यांना त्या दिवशी सर्दी झाली होती. पुढे त्यांची सर्दी बरी झाली. माझी आजतागायत झालेली नाही. पाचव्या दालनात राजा युद्ध पुकारतो, तिथे मी शिंकतो. ती शिंक काढून टाकावी असं कोणालाही वाटलं नाही. लोक समजतात राजाच शिंकला. एक डॉक्टर तर आपल्या बायकोला राजाच्या नाकाचं हाड कसं वाढलं असेल ते समजावत बसले, आणि तेवढ्या वेळात मी सांगितलेलं अख्खं युद्ध वाया गेलं.

सुरुवातीची वर्षं मात्र मानाची होती. रोज स्पिरिटच्या बोळ्याने अंघोळ, मऊ पट्टा, संध्याकाळी भावंडांच्या रांगेत चार्जिंगला विश्रांती. म्हातारी माणसं मला परत करताना "छान बोलतो हो" म्हणायची. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला. लोक राजाच्या सिंहासनाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढू लागले. मी कानाशी बोलतोय आणि तोंड भलतीकडेच. एका लहानग्याने माझा चारचा आकडा चघळून चघळून पुसून टाकला. तक्रार कोणी केली? त्याच्या आईने. म्हणे आकडे नीट दिसत नाहीत. त्यानंतर एका गृहस्थाने सामान ठेवलेल्या कपाटाचा नंबर माझ्यावर दाबला. दोनशे चौदा. राजवाड्यात दाखवायची दालनं दहा. मी गप्प बसलो. त्यांनी तक्रार केली की यंत्र उद्धट आहे.

अशा माझ्या दोन तक्रारी झाल्या. आमच्या राजवाड्याचा नियम असा की तिसरी तक्रार आली की यंत्र थेट भंगाराच्या खोक्यात. खोकं काउंटरच्या टेबलाखालीच असतं. माझे दोन भाऊ त्यात पडून आहेत. त्यातला एक अजून मधूनच, कोणी काही दाबलेलं नसताना, म्हणतो, "आता आपण शयनगृहात प्रवेश करीत आहोत." मला ते ऐकवत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. सकाळी सहलीची एक बस आली. बसबरोबरच्या माणसाने प्रवाशांना अंगणात उभं करून सांगितलं, "आत तुमचं तुम्ही बघायचं. चारला बस सुटणार. मी कोणासाठी थांबत नाही, माझ्या बायकोसाठीही थांबलो नव्हतो." प्रवासी काउंटरशी आले. त्यात दोन बहिणी होत्या. शिवणकामाचं दुकान एक दिवस बंद ठेवून आल्या होत्या. थोरलीच्या गळ्यात अजून माप घ्यायची टेप लटकत होती, काढायची राहिली असावी.

"एकच द्या," थोरली म्हणाली.

"दोघी आहात ना?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"हिच्या कानात आधीच एक मशीन आहे. दोन्ही मशीनं जवळ आली की शिट्ट्या मारतात. मी ऐकते आणि हिला सांगते."

"तिथल्या तिथे सांग," धाकटी म्हणाली. "मागे सिनेमाला नेलंस आणि गोष्ट घरी आल्यावर सांगितलीस."

बाईंनी मला पुढे केलं. "हा सांभाळून वापरा हं. दोन तक्रारी आहेत याच्या. आणखी एक आली की गेला खोक्यात."

"मग नवा द्या की."

"नवे संपले."

माझ्या तोंडावर हे बोलणं झालं. मी कानाला लावायची वस्तू आहे, मला कान नाहीत असं नव्हे. पण राग गिळला. आज एक चूक होऊ द्यायची नाही, एवढंच मनाशी ठरवलं.

चूक माझ्याकडून झालीच नाही. आमच्या अंगणात समोरासमोर दोन दरवाजे आहेत. एक आत जायचा, एक बाहेर पडायचा. आत जायच्या दरवाज्याला ही मोठी रांग होती. बाहेर पडायच्या दरवाज्याला, सकाळची वेळ असल्याने, कुत्रंही नव्हतं. थोरलीने दोन्हीकडे पाहिलं.

"लोकांना एकाच दारात गर्दी करायची हौसच असते," असं म्हणून ती मोकळ्या दाराने आत शिरली. तिच्या मागे धाकटी. त्यांच्या मागे, यांना काहीतरी माहीत असणार असं समजून, अख्खी बस.

त्या दाराने गेलं की पहिलं लागतं ते दहावं दालन. दालनं राजाच्या आयुष्याप्रमाणे लावलेली आहेत. पहिल्यात जन्म, दहाव्यात मृत्यू. थोरलीने दारावरचा दहा वाचला, माझ्यावर दहा दाबला. मी माझ्या भरलेल्या नाकाने सांगितलं, "याच पलंगावर राजाने अखेरचा श्वास घेतला."

"मेला," थोरलीने धाकटीला मोठ्याने सांगितलं.

"आल्या आल्या?"

"हो. थांब, कशाने ते ऐकते."

आणि तिने माझं विरामाचं बटण दाबलं. मित्रांनो, ते बटण माझ्या डाव्या कुशीला आहे. इतकी वर्षं ते फक्त चुकून दाबलं जायचं. ती मला एक वाक्य बोलू द्यायची, थांबवायची, बहिणीला सांगायची, पुन्हा सुरू करायची. घाईघाईत मला कानावेगळं करणारी माणसं मी हजारांनी पाहिली होती. माझं एकेक वाक्य ऐकण्यासाठी कोणी मला थांबवलेलं पाहिलं नव्हतं. आता हिने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं तर बिघडलं असतं का? "राजास दीर्घकाळ उदरव्याधीने ग्रासले होते," असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पोट." बस. माझी अख्खी ओळ आणि हिचा एक शब्द.

नवव्या दालनात, राजा आजारी पडतो तिथे, मी शेवटी म्हणालो, "खिडकीशेजारील दारातून पुढील दालनात जावे." हे मी नेहमीच म्हणतो. थोरली आज्ञाधारक. आलेल्याच दाराने, खिडकीशेजारच्या, परत गेली. समोर पुन्हा दहावं.

"परत मेला?" धाकटी म्हणाली.

बसमधले एक टोपीवाले काका पुढे झाले. "अहो, हा रस्ता उलटा सांगतोय. आपण याचं ऐकायचंच नाही. तो म्हणेल त्याच्या उलट जायचं."

मी उलटा नव्हतो. मी आयुष्यात एकदाही उलटा बोललेलो नाही. पण हे सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता.

मग आमची मिरवणूक निघाली. प्रत्येक दालनात राजाची तब्येत सुधारत गेली. आठव्यात तो काठी टाकून चालू लागला, सातव्यात डोक्यावर केस आले. बाकीच्या प्रवाशांनी आपापले गाईड गळ्यात तसेच लोंबकळत ठेवले आणि सगळे थोरलीभोवती कोंडाळं करून चालू लागले. माझी सख्खी भावंडं त्यांच्या गळ्यात मुकाट. मी सहाव्यात म्हणालो, "शेजारील राज्याशी स्नेहसंबंध दृढ व्हावेत म्हणून राजाने तेथील राजकन्येशी विवाह केला, परंतु वैर शमले नाही."

"शेजाऱ्यांशी पटेना म्हणून त्यांची मुलगी करून घेतली. तरी पटेना," थोरलीने सांगितलं.

"मग?"

"बघू पुढे."

पुढच्या पाचव्या दालनात राजाचं लग्नच झालेलं नव्हतं. युद्ध मात्र आधीच हरून झालं होतं. मी शिंकलो. "सर्दी झाली वाटतं याला," थोरली म्हणाली आणि मला पदराने पुसलं. चौथ्या दालनात युद्धही नव्हतं आणि हरलेला प्रांत राजाकडे होता.

"माणूस मेहनती," टोपीवाले काका म्हणाले. "मेल्यापासून सुरुवात करून बघा कुठवर आला."

दहाव्या दालनात राजा मेल्याचं ऐकून रडवेला झालेला एक प्रवासीही आता खुशीत होता. तिसऱ्यात राजा कोवळा तरुण झाला आणि दुसऱ्यात सहा वर्षांचा. लाकडी घोड्यापाशी उभी राहून धाकटी बहिणीला म्हणाली, "आता फक्त जन्मायचा राहिला. तेवढं नीट सांग. घाई करू नको."

मी घोड्याबद्दल बोलून पुढचं वाक्य घेणार, इतक्यात त्या दालनाचा पहारेकरी समोर आला. भरघोस मिशा, छातीवर बिल्ला.

"इथे गाईडला बंदी आहे. ज्याने त्याने आपलं यंत्र ऐकायचं."

"मी कुठे गाईड? बहिणीला सांगतेय."

"आणि ही एवढी माणसं?"

"ती ऐकतायत. मी त्यांना सांगत नाहीये."

"काय म्हणतायत हे?" धाकटीने विचारलं.

"म्हणतायत, तुला सांगू नको."

"मग हे तरी कशाला सांगितलंस?"

पहारेकऱ्याने टोपीवाल्या काकांना विचारलं, "काय काय सांगितलं यांनी?"

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "राजा पोटाने मेला. मग बरा झाला. हरलेली लढाई त्याने केलीच नाही. आता तो सहा वर्षांचा आहे."

पहारेकऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच राजाला मारला होता. "हे यंत्र खोटं बोलतंय," म्हणाला, आणि मला थोरलीच्या गळ्यातून काढून तरातरा काउंटरकडे निघाला. मागे दोघी बहिणी, त्यांच्या मागे बस.

"बाई, याची तक्रार आहे. राजा मेल्यावर जन्मतो म्हणतंय."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि खोकं पायाने बाहेर ओढलं. "आता आपण शयनगृहात प्रवेश करीत आहोत," माझा भाऊ आतून म्हणाला. मित्रांनो, इतकी वर्षं मी एकही सन चुकवला नाही, एकाही राणीचं नाव गाळलं नाही. आणि माझा शेवट कशाने होणार होता? कोणाला तरी रांगेत उभं राहायचा कंटाळा होता म्हणून.

"थांबा," थोरली म्हणाली. "तो खोटं नाही बोलला. आम्ही बाहेरच्या दाराने आत गेलो. चूक माझी आहे."

"असेल. पण तक्रार यांची आहे," बाई म्हणाल्या. "ती यांनीच मागे घ्यायला हवी."

चार वाजले आणि अंगणाबाहेर बसचा हॉर्न वाजला. टोपीवाले काका म्हणाले, "ताई, चला. बस जाईल."

"जाऊ दे. हिला जन्म दाखवायचा राहिलाय, आणि हा माझ्यापायी भंगारात चाललाय." ती पहारेकऱ्याकडे वळली. "तुम्ही याला कधी ऐकलंय का हो?"

"मला काय गरज? त्याच खोलीत उभा जन्म गेला माझा."

"मग तुमच्याच खोलीचं ऐका. एक शब्द जरी चुकीचा निघाला तर मी स्वतः याला खोक्यात टाकते. दोन दाबा."

सगळी बस बघत होती. त्याने दोन दाबला आणि मला मिशीला टेकवून धरलं. मी बोललो. सहा वर्षांचा राजपुत्र, त्याचा लाकडी घोडा, त्याचे मास्तर. पहारेकरी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, हे सगळं आपणच शिकवल्यासारखा. घोड्याचं झालं की लोक मला कानावरून काढतात. त्याला मात्र इतक्या जणांसमोर काढता येईना. म्हणून माझ्या नोकरीत प्रथमच कोणीतरी दुसऱ्या दालनाचं शेवटचं वाक्य ऐकलं.

"कोपऱ्यातील लाल मखमली तिवई ही राजपुत्राच्या लाडक्या कुत्र्याची बैठक होय. तीवर कुत्र्याखेरीज कोणासही बसण्याची परवानगी नव्हती, आजही नाही."

पहारेकऱ्याची मान मधेच थांबली. मित्रांनो, त्या तिवईवर हा माणूस रोज सकाळी बसतो आणि संध्याकाळी उठतो. डबाही तिथेच बसून खातो. गेल्या वर्षी तिची मखमल टोचते म्हणून त्याने साहेबांकडे उशी मागितली होती आणि साहेबांनी ती मंजूर केली होती.

"काय म्हणालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही." त्याने मला दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. "बरोबर बोलतंय. माझी तक्रार नाही."

हॉर्न पुन्हा वाजला. थोरलीने मला उचललं आणि तिथेच, अंगणात उभ्या उभ्या, एक दाबला. मी वाक्यामागून वाक्य बोललो, ती मला थांबवत गेली आणि धाकटीला सांगत गेली. राणीचा थकवा, दाया, पहाटेचा गारठा, दाराबाहेर येरझाऱ्या घालणारा राजाचा म्हातारा बाप.

"झाला," शेवटी थोरली म्हणाली.

"काय झालं?"

"मुलगा."

धाकटीने डोळे पुसले. "बरं झालं बाई. इतकं सगळं भोगून शेवटी सुखरूप आला." टोपीवाल्या काकांनी समोर दिसेल त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पहारेकऱ्याचंही केलं. मग सगळे बसकडे पळाले. बस थांबली होती, कारण ड्रायव्हरखेरीज तिच्यात कोणीच नव्हतं.

मी अजून नोकरीत आहे. पहारेकरी हल्ली दिवसभर उभा असतो. साहेबांनी विचारलं तर पाठीला बरं असतं म्हणून सांगतो. आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. आम्हाला चघळू नका, आपटू नका, आमच्यावर कपाटाचे नंबर दाबू नका. आणि कोणी सांगत असेल, मग ते यंत्र असो की घरातलं म्हातारं माणूस, तर घोड्यापाशी कान काढून घेऊ नका, शेवटपर्यंत ऐका. आपण कशावर बसलो आहोत, ते बहुधा शेवटच्या वाक्यात असतं.