टिकेल का?

डिपस्टिकच्या टोकाशी तेलाचा थेंब लोंबत होता, पडत नव्हता — आणि नको इतका स्वच्छ होता. इतकं स्वच्छ तेल म्हणजे काल-परवाच बदललेलं. आणि काल-परवाच का, तर आज आपण येणार म्हणून. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडतातच, त्यात वाईट काय, असंही म्हणता येईल… पण झाडताना पलंगाखाली काय काय ढकललं ते वाकून बघणं, हेच तर आपलं काम. त्याने तेल कागदी रुमालावर टिपलं, बोटांत चोळलं, वास घेतला. मग इंजिनच्या झाकणाला पालथा हात लावला. कोमट. म्हणजे सकाळीच तापवून ठेवलेलं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे खरं बोलतं, ते आता ऐकायला मिळणार नव्हतं.

“सकाळी फिरवलीत का गाडी?” त्याने विचारलं.

“छे हो. जरा पुसायला बाहेर काढली, तेवढीच,” विकणारा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता, आणि ‘गाडी अगदी ठणठणीत आहे’ हे ज्या गोड आवाजात सांगत होता, त्याच आवाजात तो खुर्चीतल्या माणसाला ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगत असणार.

गाडी गर्द निळी, बुटकी, दोनच माणसांची. उभी असतानाही पळायच्या बेतात असल्यासारखी. अशी गाडी तपासायची म्हणजे साध्या गाडीसारखं चालत नाही. साधी गाडी वयावर जोखायची. ही मात्र मालकाच्या स्वभावावर. कुणी दामटली, कुणी मिरवली, कुणी आपटली आणि गुपचूप नीट करून घेतली… विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्यांचं नुकसान ठरवण्यात त्याची उमर गेली होती. पत्र्याच्या एका सुरकुतीवरून तो अख्खा अपघात सांगू शकत असे. म्हणून तर दादाने — थोरल्या भावाने — आजवर एकही गाडी त्याला दाखवल्याशिवाय घेतली नाही. म्हणजे खरं तर घेतलीच नाही. कारण त्याने प्रत्येक वेळी नको म्हटलं होतं.

पांढरी होती, तिला खालून गंज चढत होता. लाल होती, तिचा मालक बोलताना नजर चुकवायचा. पिवळी… पिवळीला काय झालं होतं? ‘घाई कशाला दादा, याहून चांगली मिळेल.’ ‘हौस एक दिवसाची, कटकट दहा वर्षांची.’ दहा वर्षं टिकेल का, हा त्याचा ठरलेला प्रश्न, आणि दादा त्यावर ठरलेलं हसायचा. “आमच्या शंकासुराने पास केलेली गाडी अजून कारखान्यात बनायची आहे,” असं आल्यागेल्याला सांगायचा. कापडाचं दुकान सांभाळता सांभाळता साठी उलटली, दुकान मुलीच्या हाती गेलं, आणि दादा अजून तीच जुनी, खोक्यासारखी, माल वाहायची गाडी बाळगून होता.

आज सकाळी वहिनींचा फोन आला होता. “भावजी, एक सांगू? या वेळी नको म्हणू नका.”

“अहो वहिनी, गाडी बघायच्या आधीच कसं काय सांगू?”

“बघा ना, खुशाल बघा. पण नको म्हणू नका,” आणि त्यांनी फोन ठेवला. हे जरा नवलच होतं. एरवी वहिनी त्याच्याच बाजूच्या — ‘तुम्हीच समजवा यांना, या वयात कसली वेगाची खाज’ म्हणणाऱ्या. त्यांना एकाएकी काय झालं, ते त्याला वाटेत उमगलं नाही.

आता दादा गाडीच्या पलीकडच्या बाजूने चालत होता, तळहात पत्र्यावर टेकवून, हळूहळू. मागचा दिवा, मागचं चाक, दार. ही युक्ती त्यानेच दादाला शिकवली होती — डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. रंगाखाली पुट्टी भरली असेल तर नजर फसते, तळहात फसत नाही. ‘मग हे तर आमचंच काम,’ दादा तेव्हा म्हणाला होता, ‘आम्ही काय, कापड डोळ्यांनी घेतो होय?’ बरोबर शिकला, असं त्याला वाटलं, थोडा अभिमानही वाटला. मग दादाचा हात दारावरच्या आरशाला लागला, दचकून मागे आला… आणि पुन्हा पुढे होऊन आरसाच चाचपू लागला, त्याच्या कडा, त्याची मान. आरशात कुणी पुट्टी भरत नाही.

“मीटरवर किती झालेत रे, वाच जरा,” दादा खिडकीतून आत वाकत म्हणाला. “माझा चष्मा घरीच राहिला.”

चष्मा दादाच्या नाकावर होता.

त्याने आकडा वाचला. म्हणजे वाचला असावा, कारण दादा ‘वा, कमीच आहे’ म्हणाला. मागच्या वर्षी वहिनी म्हणाल्या होत्या, डोळ्यांत औषध घालतात हल्ली. आणि आपण म्हणालो होतो, चालायचंच, वय झालं. चालायचंच! परक्याच्या गाडीखाली उताणा पडून नटाबोल्टांवरची धूळ बघणारा माणूस, आणि सख्ख्या भावाच्या डोळ्यांत एकदा नीट बघितलं नाही. त्याला स्वतःची शरम वाटली. त्याने डिपस्टिक जागेवर घातली.

“एक चक्कर मारून या ना,” डॉक्टर म्हणाला. “त्या फाट्यावर वळा आणि परत या. दोघंच बसता येतं, मी थांबतो इथे.”

किल्ली दादाच्या हातात होती. आजवर प्रत्येक गाडीची पहिली चक्कर दादाचीच असायची. त्याने किल्ली पुढे केली — जरा चुकीच्या दिशेला. “तू चालव,” तो म्हणाला. “मला ऐकू दे.”

इंजिन सुरू झालं तसं दादाने डोळे मिटले. आवाज सुंदर होता, नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण दुसरा गिअर पडताना करकरला, आणि वेग वाढला तसं स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. पुढून ठोकलेली आहे. सांधून सरळ केलेली आहे. क्लच शेवटाला आलेला. दहा वर्षं? दोन काढली तरी नशीब… निकाल त्याच्या डोक्यात आपोआप तयार होत होता, सवयीने, आणि त्या निकालाची त्याला पहिल्यांदाच चीड आली. कारण आजचं ‘नको’ हे नुसतं या गाडीला नव्हतं. यापुढे दुसरी गाडी नव्हतीच.

पिवळीला काहीही झालेलं नव्हतं. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. ती अजून धावते. पुलापाशी दिसते अधूनमधून, पांढऱ्या केसांची एक बाई चालवते, टप उघडा टाकून. दिसली की तो मान फिरवतो. त्या वेळी दादाला चालवायला किती वर्षं मिळाली असती, त्याचा हिशेब नको म्हणून फिरवतो. आणि नको तरी का म्हणालो मी? वडील गेले तेव्हा घरातला मोठा माणूस म्हणजे दादा. माझी फी, माझे बूट, माझं लग्न, सगळं त्याने बघितलं. तो कुठे आपटला तर आपलं काय, ही लहानपणची धास्ती, ती माझे केस पिकले तरी गेली नाही. मी तिला काळजी म्हणत होतो. भीती माझी, आणि नाव गंजाचं, क्लचचं, मालकाच्या नजरेचं.

“बोल, शंकासुरा,” डोळे मिटूनच दादा म्हणाला. “दहा वर्षं टिकेल?”

“दादा, तुला दिसतं किती?”

दादाने डोळे उघडले. मग म्हणाला, “तुझ्या वहिनीने सांगितलं?”

“नाही. चष्मा तुझ्या नाकावर आहे.”

दादाने हात नेऊन बघितला, आणि खो खो हसला. “धन्य आहे! थापसुद्धा धड मारता येईना.” मग हसू विरलं. “कडेकडेचं दिसतं रे. मधलं गेलं. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू नसतोस. जरा बाजूला बघितलं की असतोस.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू आला असतास गाडी बघायला? म्हणाला असतास, आता कशाला.”

म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत.

“मग… आता कशाला, दादा?”

“चालवायला तू आहेस की,” दादा म्हणाला. “एवढ्या गाड्या बघितल्या आपण, पण तू कधी मजेने चालवलेली मी बघितली नाही. म्हटलं, बघायचं राहिलंच आहे, तर निदान शेजारी बसावं.” आणि लगेच, दुकानातल्या त्याच्या जुन्या आवाजात, “पण बिघडलेली असली तर तसं सांग हां. माझ्यासाठी म्हणून पास करू नकोस. मला कळेल.”

खरं सांगितलं तर तेच पुन्हा, शेवटचं नको. आणि खोटं त्याला कळणार. पायाखाली इंजिन गुरगुरत होतं.

“समोर काय आहे, सांग ना,” दादा म्हणाला.

समोर रस्ता होता, दुसरं काय असणार. जन्मभर मी त्याला बिघडलेलं तेवढंच सांगत आलो. धड असलेली गोष्ट कशी सांगतात, ते मला येईना. “झाडं आहेत,” मी म्हटलं. “दोन्ही बाजूंना.”

“ते मला दिसतं. कडेचं दिसतं म्हटलं ना. मधलं सांग.”

“मधे… रस्ता सरळ आहे. थोडा चढ आहे. चढावर एक जण सायकल हातात धरून चालतोय. आता त्याने बघितलं आपल्याकडे. हात केला त्याने, दादा.”

दादाने हात वर केला, सायकलवाला मागे पडल्यावर. “आणखी?”

“चढाच्या वर आभाळ. काही नाही त्यात. नुसतं आहे.” मी वेग वाढवला. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं, ते मी धरून ठेवलं होतं. पिवळीचंही आत्ताच सांगून टाकावं असं वाटत होतं, पण ते ऐकून तो हसेल की गप्प बसेल, ते कळत नव्हतं.

“थांबू नकोस रे, बोल की पुढे,” दादा म्हणाला, सरळ समोर, म्हणजे त्याला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे बघत.

मी बोलत राहिलो. फाटा आला, मागे गेला. तेवढं एक मी त्याला सांगितलं नाही.